परत आलेला वाटा

माझ्या आत्याला फसवलं. गेल्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, उन्हं आखाड्याच्या, म्हणजे रानातल्या घराच्या, पत्र्यावर चढायच्या वेळी तिची मेंढरं एकामागून एक आडवी पडायला लागली. ती कशानं पडताहेत हे त्या शिवारात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो हाकेच्या अंतरावर खाटेवर बसून चहा पीत होता.

आमच्या गटात पत्रक लिहायला शिकवतात तेव्हा सांगतात, कुणाचं वाटोळं झालं आणि कधी, ते पहिल्या ओळीत लिही. वाचणाऱ्यानं काय करायचं ते शेवटी लिही. मधे रडू नको. पहिली ओळ झाली. रडणार मी नाहीच. पण मधलं सगळं सांगणार आहे, कारण पत्रकाच्या एका पानात ती सकाळ मावत नाही. दोनदा कोंबून पाहिली.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडिलांनी मेंढरं सोडली आणि पूर्ण्याला रुळांवरच्या मजुरीला लागले, म्हणून मी शाळेत गेले, परभणीला कॉलेजात गेले, पत्रकं वाटायला लागले. आत्यानं मेंढरं सोडली नाहीत. पावसाळा सरला की ती, तिचा नवरा (त्याला आम्ही मामा म्हणतो), सून आणि सुनेची दोन लेकरं कळपामागं निघतात. शेतकरी बोलावतो, त्याच्या रानात वाघर ठोकायची, म्हणजे जाळीचं कुंपण उभं करायचं, आणि रात्रभर मेंढरं त्यात बसवायची. सकाळी रान लेंड्यांनी काळं होतं. बदल्यात ज्वारी मिळते.

आमच्या गटाचं सगळं काम या लेंड्यांवर उभं आहे. गट सुरू झाला तो एका बाईच्या मरणावरून. आदल्या दिवशी फवारलेल्या रानात ती कापूस वेचत होती, वेचता वेचताच पडली. आम्ही तिला उचललं तेव्हा ओटीत वेचलेला कापूस तसाच होता आणि तोंडातला फेस त्या कापसावर गळत होता. तिला जाळून आल्यावर आम्ही गावोगाव फिरायला लागलो. विष सोडा, विष सोडा. शेतकरी म्हणायचे, सोडतो बाई, मग रानाला काय घालू, तुझं पत्रक? खरं होतं त्यांचं. उत्तर आत्याच्या जाळीत बसलेलं होतं, ते आम्हाला दिसायला वेळ लागला.

मग ठरलं. जो फवारणार नाही त्याच्या रानात मेंढरं आधी बसतील. जो फवारेल त्याची पाळी सगळ्यात शेवटी, आणि फवारल्यावर महिनाभर त्याच्या रानात मेंढरू शिरणार नाही. दसऱ्याच्या सुमाराला छोटे शेतकरी, त्यांच्या बाया आणि मेंढरंवाले खंडोबाच्या देवळापुढं जमले. मी अटी छापून नेल्या होत्या, खाली सह्यांना जागा सोडलेली. मामानं कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, आणि म्हणाला की कागद पावसात भिजतो, भंडारा उचला. मग सगळ्यांनी देवापुढची हळद चिमटीत धरली, कपाळाला लावली आणि शब्द दिला.

मालक सगळ्यांत शेवटी आला. गावातली अर्धी जमीन त्याची, उरलेलं अर्धं गाव त्याच्याकडं कामाला, म्हणून सगळेच त्याला मालक म्हणतात. आल्या आल्या त्यानं विचारलं, आता मी कवा फवारायचं हे मेंढरं ठरवणार व्हय? लोक हसले. मामा म्हणाला, "ठरवतेत की मालक. तुमी फकस्त खाता." त्यावर आधीपेक्षा जास्त लोक हसले आणि मालकही हसला. मटणाचा त्याचा नाद सगळ्यांना माहीत होता. ज्याच्या रानात तळ पडलाय त्याला कापलेल्या जनावरातलं काळीज आणि पुढचा पाय पोचवायचा, ही मेंढरंवाल्यांची जुनी रीत. मालकानं आजवर हा वाटा कधी चुकवला नव्हता. एकदा म्हणे तापानं फणफणलेला असताना अंथरुणातून उठून खाल्ला होता.

हसत हसत त्यानं भंडारा उचलला. मी स्वतः पाहिलं. चिमूट मोठी होती.

संक्रांतीला त्याची पाळी आली. रान फरदडीचं होतं, म्हणजे वेचणी संपल्यावरही उपटून न टाकता पाणी देऊन जगवलेल्या कापसाचं. वर कोवळे शेंडे फुटलेले. मी सणाला म्हणून तळावरच होते. मेंढरं बांधाशी थांबली, आत्या पुढं झाली आणि, रानात विष मारलेलं नाही ना या अर्थानं, रीतीप्रमाणं विचारलं, "रान मोकळं हाय का, मालक?"

"मोकळं हाय."

हे एकदाच विचारायचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं तर समोरच्याला खोटारडा म्हटल्यासारखं होतं, आणि ज्याला खोटारडा म्हटलं तो पुढच्या साली बोलवत नाही. आत्याचं सगळं आयुष्य या एका उत्तरावर चालत आलं होतं. तिनं नाही विचारलं. मालकानं सुनेच्या लेकरांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि गेला.

त्यानं त्याच आठवड्यात ते रान फवारलं होतं. फरदडीवर बोंडअळी पडली होती. औषध मारूनही अळी हटली नाही, तेव्हा त्यानं ठरवलं की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, मेंढरांना चारावी, लेंड्या पडून घ्याव्यात आणि रान नांगरून टाकावं. खरं सांगितलं असतं तर पाळी शेजाऱ्याकडं गेली असती. एवढंच. पाळी जाऊ नये म्हणून. मी कितीतरी वेळा विचार केला की यामागं आणखी काही मोठं कारण असेल, वैर असेल. नव्हतं.

सकाळी मेंढरं जाळीतून सोडली तशी शेंड्यांवर तुटून पडली. थोड्याच वेळात एक जुनी मेंढी, कळपाच्या पुढं चालणारी, गुडघ्यावर आली. मग कुशीवर. चारही पाय हवेत पळायला लागले, तोंडातून लाळेची तार. मामा म्हणाला, किराळ. शेजारच्या रानात कापलेल्या ज्वारीला कोंब फुटले होते, तसले कोंब पोटात गेले की जनावर तडफडून मरतं, त्याला किराळ लागणं म्हणतात. मेंढरामागं फिरणाऱ्या कुणालाही आधी तेच सुचलं असतं. सुनेनं गुळाचं पाणी कालवलं. आणि मामानं काय केलं, तर ज्वारीपासून लांब नेण्यासाठी सगळा कळप हाकत हाकत कापसात आणखी आत घातला.

विषात आणखी आत. आपल्या हातानं.

पहिली मेंढी वाचत नाही हे दिसल्यावर त्यानं ती मरायच्या आत कापली. किराळ लागलेलं जनावर जीव जायच्या आत कापलं तर खायला चालतं, असं आमच्यात धरतात. त्यात कर होती. संक्रांतीच्या करीला गावात कुणाच्या चुलीवर मटण नसतं? सुनेनं पातेलं चढवलं, आतडी कुत्र्याला टाकली. आत्यानं काळीज आणि पुढचा पाय एका पातेल्यात घातला, वर फडकं टाकलं आणि मला म्हणाली, चल, मालकाचा वाटा देऊन येऊ.

मधे तुरीचं उभं रान होतं, आखाड्यावरून आमचा तळ दिसत नव्हता. हे लक्षात ठेवा.

मालक खाटेवर होता. त्याची बायको चुलीपुढं बसून खोबरं आणि तीळ भाजत होती. मसाल्याचा तो वास अजून माझ्या नाकात आहे.

"मालक, तुमचा वाटा," आत्या म्हणाली.

त्यानं पातेल्याकडं पाहिलं नाही. "न्या परत. मी सोडलंय."

चुलीपाशी बायको हसली. "कवा सोडलं? मग हे खोबरं काय तुमच्या सासऱ्यासाठी भाजायलेय?"

"तू गप."

"गप काय? सकाळपासून डोकं खाल्लंय, मसाला वाट, मसाला वाट म्हणून."

त्यानं हातातला कप तिच्या अंगावर फेकला. कप चुलीच्या दगडावर फुटला, चहा निखाऱ्यात चरचरला. बायकोनं पदरानं हात पुसला आणि मान खाली घातली. सरावानं घातली. आत्यानं पातेलं जमिनीवर ठेवलं. तिचा आवाज चढला नाही.

"मालक, रान मोकळं हाय का?"

दुसऱ्यांदा. तो उठून उभा राहिला.

"मेंढरू पडलं तर मी काय करू? किराळ लागली आसंल."

मेंढरू पडल्याचं आम्ही त्याला सांगितलंच नव्हतं.

आत्यानं पातेलं उचललं आणि ती पळाली. पन्नाशीतली बाई, अनवाणी, उभ्या तुरीतून. मी तरुण असून मागं पडले. मी पोचले तेव्हा लेकरं ताटल्या घेऊन बसलेली होती आणि सून पळी रश्शात घालत होती. आत्यानं उकळतं पातेलं लाथेनं उडवलं. रस्सा तिच्या पायावर सांडला, नडगीपर्यंतची कातडी डोळ्यांदेखत सुटली. मामाला वाटलं हिला याड लागलं. त्यानं जाळीची मेख उपसली आणि तिच्या पाठीत घातली. एक. दुसरी घालणार तेवढ्यात लेकरू ओरडलं, कुत्रं बघा.

कुत्रं स्वतःचा पाय चावत होतं. हाडापर्यंत. मग डोकं जमिनीवर आपटत राहिलं, आणि थांबलं.

मामाच्या हातातली मेख गळाली. मग आम्ही सगळे कापसात धावलो. मेंढरं बाहेर येईनात. पुढं चालणारी म्हातारी मेंढी कापली गेली होती, कुणामागं जायचं हे त्यांना कळेना. एक पडली की दुसरी तिच्यापाशी उभी राहून हुंगायची आणि उभ्या उभ्या शेंडा खायची. आमच्यात मेंढराला काठी दाखवतात, मारत नाहीत. त्या दिवशी मारलं. दांडक्यांनी, चपलांनी, ढेकळांनी, तोंडावर, पाठीवर, जिथं बसेल तिथं. माझ्या हातानं मी एका गाभण मेंढीला इतकं मारलं की ती बांधावरून पलीकडं पडली, आणि ती जगली. जी आम्ही मारली ती जगली. कळपाचा अर्धा भाग कापसातच राहिला.

दुपारच्या आत जेसीबी आला. बरोबर मालकाचा पुतण्या आणि चार गडी. रोग पसरंल, पुरून टाका, काका म्हणतेत, असं सांगत त्यानं खड्डा घ्यायला लावला. मी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला होता. तो यायच्या आत मेंढरं मातीखाली गेली की विषही गेलं, पुरावाही गेला, आणि उद्या गावात एकच गोष्ट उरणार होती, की किराळ लागली आणि आत्यानं खोटा आळ घेतला. मग कुठल्याच रानात तिला कुणी वाघर ठोकू दिली नसती. उरलेल्या मेंढरांनिशी ती जाणार कुठं? आणि आमचा सगळा करार तिच्याबरोबर त्याच खड्ड्यात गेला असता.

आत्या लंगडत गेली आणि खड्ड्यात उतरून बसली.

पुतण्या म्हणाला, टाक माती. ड्रायव्हर थांबला. पुतण्यानं त्याला आईवरून शिवी दिली. पहिली बकेट आत्याच्या खांद्यावर पडली. मी फोन धरून चित्रण करत होते. पुतण्यानं हातातला लोखंडी पाइप माझ्या तोंडावर मारला, फोन एकीकडं, माझे दोन दात एकीकडं. मामा कुऱ्हाड घेऊन आला आणि मशीनची काच फोडली. चौघांनी त्याला खाली घेतलं. त्याचा हात मोडला तेव्हा वाळलेल्या पऱ्हाटीसारखा आवाज आला. मी तोंडातलं रक्त थुंकत दगड मारत होते. एक पुतण्याच्या कपाळाला लागला. बरं झालं.

सून तोवर गावात धावत गेली होती. आमच्या गटातल्या बाया तूर कापत होत्या, तशाच आल्या, हातात विळे. त्यांतल्या निम्म्या मालकाच्याच कामावर. उद्या काम बंद होणार हे त्यांना येतानाच माहीत होतं. एकेक करून खड्ड्यात उतरल्या आणि आत्याला खेटून बसल्या. जागा उरली नाही तेव्हा बाकीच्या काठावर बसल्या, पाय आत सोडून.

ड्रायव्हरनं मशीन बंद केलं. "बायांवर माती टाकायला आलो न्हाई मी," म्हणाला, आणि किल्ली काढून खिशात घातली.

मग मालक आला. त्याला वाटलं असणार की आपण गेलो की बाया उठतील. आजवर उठल्याच होत्या. काठावर उभा राहून तो मोठ्यानं सांगायला लागला की ही किराळ आहे, पोरांनाही कळतं ही किराळ आहे, परभणीहून आलेल्या पोरीनं तुमची डोकी फिरवलीत.

आत्या उठली. पायाची कातडी मातीनं माखलेली. तिनं मला हाक मारली, "पोरी, वाटा आण."

मी आणला. फडक्यावर माशा बसल्या होत्या. तिनं काळीज हातात घेतलं आणि खड्ड्यातून वर आली.

"किराळ हाय न्हवं मालक? मग खा. किराळीचं आमी बी खातो."

तो मागं सरला. मागं बाया होत्या. कुणीतरी त्याचे हात धरले, कुणीतरी केस. विळा कुणी उगारला नाही, पण खालीही ठेवला नाही. आत्यानं ते कच्चं काळीज त्याच्या तोंडाला लावलं आणि दाबलं. त्यानं दात आवळले. रक्त हनुवटीवरून सदऱ्यात उतरलं. तो मान झटकत होता, पाय झाडत होता, अगदी त्या म्हाताऱ्या मेंढीसारखा. एका बाईनं त्याचं नाक दाबलं.

श्वास घ्यायला त्यानं तोंड उघडलं आणि ओरडला, "नको, नको, विष हाय त्यात."

आत्यानं हात काढला. काळीज मेलेल्या मेंढरांपाशी ठेवलं, पदराला हात पुसले आणि बसली. तोवर जमलेल्या अख्ख्या गावानं ऐकलं होतं.

मला आता सभांमध्ये विचारतात, ताई, तुमचं आंदोलन शांततेचं असतं ना? एका माणसाला असं वागवणं बरोबर का? मी त्यांना सांगते, बाईच्या ओटीतला कापूस तुम्ही पाहिला नाही. मी तिथं होते, मी ते थांबवलं नाही, आणि आजही थांबवणार नाही.

डॉक्टर आला, नमुने घेऊन गेला. तपासणीचा कागद अजून आलेला नाही. ठाण्यात मालकानं जबानी दिली की मेंढरं चोरून रानात शिरली. त्याच्या बायकोनं जबानी दिली की घरधनी कित्येक वर्षांपासून माळकरी आहेत, मटणाला शिवत नाहीत. मी तिला दोष देत नाही; तो फुटलेला कप मी पाहिलाय. मारहाणीचा गुन्हा दाखल झाला तो बायांवर. तारखेला त्या भाकरी बांधून जातात आणि कोर्टाच्या आवारात निंबाखाली बसतात. त्यांतल्या दोघींच्या नवऱ्यांनी यंदा गुपचूप पुन्हा फवारा मारला, आणि त्या दोघींनी ते स्वतः येऊन सांगितलं. त्यांची पाळी शेवटी गेली. रडल्या, भांडल्या, पण गेली.

मालकाच्या रानात यंदा एकाही कळपानं वाघर ठोकली नाही. सेलूकडून आलेल्या अनोळखी मेंढरंवाल्यांनीसुद्धा नाही. त्यांच्यापर्यंत आमचं पत्रक पोचण्याआधी गोष्ट पोचली होती. आत्याचा पाय भरला, पण थंडीत फुटतो. अर्ध्या कळपानिशी ती परत निघाली. परवा मी तिच्याबरोबर एका बांधावर उभी होते. शेतकरी ओळखीचा, साधा, आमच्या गटातला. तिनं विचारलं, रान मोकळं हाय का. तो म्हणाला, हाय. ती तशीच उभी राहिली, त्याच्या डोळ्यांत बघत, आणि पुन्हा विचारलं. त्याचा चेहरा पडला. पण त्यानंही पुन्हा सांगितलं, आणि शेवटचं कधी मारलं होतं तेही सांगितलं. आता आमच्या गावांत प्रत्येक वेळी दोनदा विचारतात, चार माणसांपुढं.

आता तुमचं. हे वाचणाऱ्या पुष्कळांचं गावाकडं रान आहे. कुणी भाऊ कसतो, कुणी बटईनं दिलंय, तुम्ही पुण्याला, नाहीतर परभणीत नोकरीला. आज फोन लावा. विचारा, शेवटचं काय फवारलं आणि कधी. उत्तर आलं की फोन ठेवू नका. पुन्हा विचारा. राग आला तर येऊ द्या. मग तेच बांधावर पाटी करून लावा, मेंढरांमागच्या बाईला वाचता येत नसेल तर तिला तोंडानं सांगायला लावा, आणि पुढच्या हंगामात त्या पाटीवर लिहायला काही राहणार नाही असं बघा. तुमच्या रानाच्या बांधावर आत्ता कुणीतरी येऊन उभं असेल. ती एकदाच विचारेल. दुसऱ्यांदा तुम्ही विचारा.